होडीच्या फटा कधी बुजवायच्या?



पावसाळ्यात दार घट्ट का बसतं, असं विचारलं की मुलं पटकन सांगतात, 'लाकूड फुगतं'. आणि धडा तिथेच संपतो. आज हाच धडा कोकणच्या किनाऱ्यावर नेऊ या. तिथे या फुगण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

लाकडी होडी म्हणजे सांगाड्यावर ठोकलेल्या लांब फळ्या. दोन फळ्यांमधली फट बाहेरून रुंद आणि आत निमुळती ठेवतात. तिच्यात कापसाचा पीळ बोथट छिन्नीने ठोकून बसवतात आणि वरून लुकण भरतात. पण पाणी अडवण्याचं काम एकट्या कापसाचं नाही. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, कापसाला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि मगच सांधा पक्का होतो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि डागडुजी करतात. होडी जास्त दिवस कोरडी राहिली, त्यातही उन्हात राहिली, की फळ्या आकसतात आणि फटा रुंदावतात.

आता मुलांना विचारा: फट सर्वांत रुंद दिसते, तेव्हाच ती ठासून भरली तर?

लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. समजा, फळी २० सेंटिमीटर रुंद आहे आणि ती १ टक्का फुगली. म्हणजे २ मिलिमीटर. अशा १० फळ्यांचे झाले २० मिलिमीटर, म्हणजे २ सेंटिमीटर! फटा आधीच गच्च भरल्या असतील तर या २ सेंटिमीटरनी जायचं कुठे? लुकण बाहेर येतं, खिळे ओढले जातात, प्रसंगी आतल्या बरगड्याही तडकतात.

उलट, लाकूड चिंब असताना फटा भरल्या तर लुकण धरत नाही. पुढे लाकूड सुकलं की कापूस सैल पडतो.

मग योग्य वेळ कोणती? फटीच्या कडा कोरड्या, पण लाकूड आतून फार सुकलेलं नाही, अशी. कामाचा क्रमही महत्त्वाचा:

१. आधी कुजक्या फळ्या बदलायच्या, ढिले खिळे पक्के करायचे. नंतर फळी हलवली तर भरलेला सांधा सुटतो.

२. फटीच्या कडांना रंगाचा हात द्यायचा, नाहीतर कोरडं लाकूड लुकणातलं तेल पिऊन टाकतं.

३. कापूस बेताने ठोकायचा. लुकण पृष्ठभागापेक्षा किंचित खोल ठेवायचं, म्हणजे फळ्या फुगल्यावर ते वर येऊन समतल होतं.

४. हे काम होडी पाण्यात ढकलण्याच्या थोडंच आधी करायचं. भरून झालेली होडी पुन्हा उन्हात सुकू द्यायची नाही.

एवढं करूनही पहिले एक-दोन दिवस होडी थोडं पाणी घेते. म्हणून तिला लगेच खोल समुद्रात नेत नाहीत. काठाजवळ ठेवून पाणी उपसत राहतात. फळ्या फुगल्या की गळती कमी होत जाते. झाली नाही, तर मात्र सांधा पुन्हा तपासावा लागतो.

घरी करून पाहा: लाकडी दार आणि चौकट यांमधली फट मे महिन्यात मोजून वहीत लिहा. जुलैत त्याच जागी पुन्हा मोजा. फरक दिसला की मुलांना विचारा, मे महिन्यात ही फट पट्टी ठोकून बंद केली असती तर जुलैत दार लागलं असतं का? उत्तर देता आलं, की होडीचा धडा समजला म्हणायचा!