शुश्रूषेचे शिक्षण

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रुग्णसेवा या अर्थाने नेहमी वापरतो. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या संस्कृत धातूपासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. पुढे त्याला ‘सेवा’ हा अर्थ प्राप्त झाला. जो लक्षपूर्वक ऐकतो, त्याच्याच हातून खरी सेवा घडते, हे या शब्दाच्या प्रवासातून सहज ध्यानात येते. परिचर्येच्या म्हणजेच नर्सिंगच्या पदवी शिक्षणाचे मर्मही हेच आहे.

आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घातला. क्रिमियाच्या युद्धकाळात, १८५४ पासून, त्यांनी जखमी व आजारी सैनिकांची सेवा केली. त्यांच्या प्रेरणेने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. त्यापूर्वी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात त्यांनी रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. परिचर्येला दयाबुद्धीइतकीच शास्त्रीय दृष्टीची गरज असते, हे त्यांनी जगाला पटवून दिले. भारतात १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली. या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला.

बी.एस्‌सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनुसार तो आठ सत्रांत विभागलेला आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि एकूण किमान ४५ टक्के गुण ही त्याची सर्वसाधारण पात्रता होय. हे विषय घेऊन मुक्त विद्यालयातून बारावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही या प्रवेशासाठी पात्र ठरतात. हे क्षेत्र केवळ मुलींचे आहे, असा एक समज आढळतो. तथापि अनेक मुलगेही आज हे शिक्षण घेत आहेत.

आरंभी शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पोषण आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय शिकविले जातात. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, प्रौढांची व बालकांची परिचर्या, प्रसूतिविद्या, मनोरुग्णांची परिचर्या आणि सामुदायिक आरोग्य यांचा अभ्यास होतो. अखेरच्या सत्रात विद्यार्थी रुग्णालयात प्रत्यक्ष सेवेचा अनुभव घेतात.

मात्र विषयांच्या या यादीवरून शिक्षणाचे खरे स्वरूप कळत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो, हे पुस्तकात वाचता येते. परंतु कोणी आपले श्वास मोजत आहे असे रुग्णाला कळले, की त्याच्या श्वासाची लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगटावरची बोटे तशीच ठेवायची आणि छातीची हालचाल हळूच पाहत श्वास मोजायचे, हे विद्यार्थ्याला खाटेजवळ उभे राहूनच शिकावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलायची आणि तसे करताना पाठीवरची त्वचा लाल झाली आहे का हे पाहायचे. कारण ती लाली हे होऊ घातलेल्या जखमेचे पहिले चिन्ह असते. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी अचूक आहेत ना, याची प्रत्येक वेळी खात्री करायची. विद्यार्थी ही कौशल्ये आधी प्रयोगशाळेत, मानवी पुतळ्यावर आत्मसात करतात. रुग्णासमोर मात्र चुकीची किंमत त्या रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच तेथे जाणकार शिक्षकाची नजर विद्यार्थ्यावर असणे अगत्याचे असते.

लहान महाविद्यालयाचे बळ आणि उणीव, दोन्ही येथेच दिसून येतात. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी, एखाद्या रुग्णालयाला जोडून चालणाऱ्या महाविद्यालयात विद्यार्थी थोडे असतात. कोणाचा हात थरथरतो, कोण शंका विचारायला संकोचतो, हे शिक्षकांना ठाऊक असते. सामान्य आजारांचे रुग्ण वारंवार पाहिल्याने हात आणि नजर तयार होतात. उलटपक्षी, दुर्मीळ किंवा गुंतागुंतीचे आजार तेथे क्वचितच पाहायला मिळतात. म्हणून विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात, मनोरुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात अनुभवासाठी पाठविले जाते. असे संस्थेचे लहानपण बाधक ठरत नाही. परंतु रुग्णालयातील खाटाच रिकाम्या असतील, तर तेथील शिक्षणही रिकामेच राहते. यासाठी प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाला मान्यता आहे का, ते कोणत्या रुग्णालयाशी संलग्न आहे, तेथे रुग्ण खरोखर येतात का आणि शिक्षक पुरेसे आहेत का, याची चौकशी अवश्य करावी. इमारतीच्या भव्यतेपेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक मोलाची आहेत.

या शिक्षणात भाषेचे स्थानही महत्त्वाचे आहे. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असते. रुग्ण मात्र आपली व्यथा आपल्याच बोलीत सांगतो. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा! थांबून थांबून येते ती कळ, नाडीच्या ठोक्यासारखा जाणवतो तो ठणका, अचानक उठते ती चमक. शिवाय जळजळ, आग आणि मुंग्या आहेतच. हे सारे शब्द ‘वेदना’ या एकाच शब्दात कोंबले, तर डॉक्टरांना उपयोगी पडणारी माहिती हरवते. म्हणून रुग्णाची तक्रार शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. रोगाचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम. पण रुग्णाजवळ अधिक काळ परिचारिकाच असते. बदल प्रथम तिच्या दृष्टीस पडतो आणि तो वेळीच कळविणे तिच्याच हाती असते. शिक्षणासाठी परप्रांतात गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला तेथील बोली शिकावी लागते, ती याच कारणासाठी.

पदवीनंतर राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून सेवा सुरू करता येते. पुढे पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन, संशोधन किंवा सामुदायिक आरोग्यसेवा असे अनेक मार्ग खुले होतात. मार्ग कोणताही असो, कळ आणि ठणका यांतला फरक ओळखणारा कान प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतो. तो कान तयार करणारे महाविद्यालय लहान असले, तरी तेथील शिक्षण उणे म्हणता येणार नाही.