डब्ल्यूक्यूएक्सआर : न्यूयॉर्कचे अभिजात संगीताचे केंद्र

न्यूयॉर्कमधील ‘डब्ल्यूक्यूएक्सआर’ हे पाश्चात्त्य अभिजात संगीताला वाहिलेले रेडिओ केंद्र ३ डिसेंबर १९३६ रोजी या नावाने सुरू झाले. आज ते १०५.९ मेगाहर्ट्झवर ऐकू येते आणि मुख्यतः श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. पहिली ७० हून अधिक वर्षे मात्र ते जाहिरातींवर चालले. आणि त्याही आधी, मुळात, ते संगीतासाठी काढलेलेच नव्हते.

जॉन व्हिन्सेंट लॉलेस होगन या अभियंत्याने १९२९ च्या सुमारास ‘डब्ल्यू२एक्सआर’ हे प्रायोगिक केंद्र उभारले, ते चित्रे हवेतून पाठवण्याच्या प्रयोगांसाठी. त्या काळच्या दूरचित्रवाणीत चित्र अंधूक आणि जेमतेम हलणारे असे. चित्रांना आवाजाची जोड हवी म्हणून होगन आपल्या आवडीच्या अभिजात संगीताच्या तबकड्या लावत. चित्रे पाहण्याचे यंत्र फारच थोड्यांकडे होते. आवाज मात्र साध्या रेडिओवर येई. हळूहळू संगीताबद्दल विचारणा करणारी पत्रे येऊ लागली.

लोकांना त्या आवाजाची ओढ वाटली याला तांत्रिक कारण होते. अमेरिकेत मध्यमलहरींवरील केंद्रांमध्ये १० किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असे. शेजारच्या केंद्राशी गोंधळ होऊ नये म्हणून वरचे स्वर छाटले जात. माणसाचे बोलणे त्यातून नीट कळते, पण व्हायोलिनची झळाळी आणि झांजेची किणकिण त्या छाटलेल्या भागातच असते. १९३३ च्या अखेरीस सरकारी नियंत्रकांनी १५०० किलोहर्ट्झच्या वर दुप्पट रुंदीचे तीन पट्टे प्रयोगासाठी खुले केले. होगन यांनी त्यांपैकी १५५० किलोहर्ट्झचा पट्टा घेतला आणि ध्वनीच्या शुद्धतेसाठी त्याचा पुरेपूर उपयोग केला. या केंद्राचा पाया घातला गेला तो इथे. कार्यक्रमांची निवड पुढे अनेकांनी केली, पण आवाजाच्या दर्जाबाबत तडजोड न करण्याची सवय होगन यांची.

१९३६ मध्ये एलियट सँगर भागीदार म्हणून होगन यांना येऊन मिळाले आणि केंद्राला व्यापारी परवाना मिळाला. जाहिराती घ्यायच्या, पण संगीताच्या मध्ये घुसणाऱ्या नकोत, असे धोरण ठरले. १९३९ मध्ये, म्हणजे एडविन आर्मस्ट्राँग यांचे एफएम तंत्र अजून नवखे असतानाच, केंद्राने एफएमवरही प्रक्षेपण सुरू केले. खरखर जवळपास नाहीशी करणारे हे तंत्र जणू अशाच केंद्रासाठी जन्मले होते. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा वर सरकवला तेव्हा आधी विकले गेलेले सगळे एफएम संच निकामी झाले. त्या धक्क्यातून सावरत केंद्र पुढे ९६.३ मेगाहर्ट्झवर स्थिरावले.

१९४४ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने हे केंद्र विकत घेतले. त्याच वर्षी चाल लावून गायलेल्या जाहिरातींवर बंदी आली. पैसा सोडून देण्याचे हे धैर्य दुर्मीळच म्हणावे लागेल. दर तासाला वृत्तपत्राच्या कचेरीतून बातम्या येत, बाकी वेळ संगीत. पियानोवादक आणि संगीतकार एब्रम चेसिन्स यांनी संगीत विभाग सांभाळला. केंद्राचे स्वतःचे तंतुवाद्य-चतुष्टय होते. १९५२ मध्ये स्टिरिओचा प्रयोग झाला तोही विलक्षण: एका बाजूचा आवाज मध्यमलहरींवर, दुसऱ्या बाजूचा एफएमवर. श्रोत्याने घरात दोन संच थोड्या अंतरावर ठेवायचे आणि मध्ये बसून ऐकायचे.

निवेदकांनी या केंद्राला घरोघरी ओळख दिली. जॉर्ज जेलिनेक हंगेरीत जन्मले. त्यांचे आईवडील नाझी वंशसंहारात मारले गेले. अमेरिकेत आलेल्या या माणसाने १९६९ पासून ‘द व्होकल सीन’ या कार्यक्रमातून ३० वर्षांहून अधिक काळ ऑपेरा आणि गायक समजावून सांगितले. रॉबर्ट शर्मन यांच्या ‘द लिसनिंग रूम’मध्ये कलावंत येऊन वाजवत आणि बोलत.

भोवतीचे जग मात्र आक्रसत होते. ‘डब्ल्यूएनसीएन’ या स्पर्धक केंद्राने १९७४ मध्ये अभिजात संगीत सोडून रॉक स्वीकारले. श्रोत्यांनी लढा दिला आणि पुढच्याच वर्षी जुने संगीत परत आणले, पण १९९३ अखेर ते केंद्र या संगीताला कायमचे मुकले. ‘डब्ल्यूक्यूएक्सआर’ची मध्यमलहर वाहिनीही १९९२ मध्ये जुन्या लोकप्रिय गीतांकडे वळली आणि १९९८ च्या अखेरीस डिस्नेच्या बालकार्यक्रमांकडे गेली.

२००९ मध्ये टाइम्सने हे केंद्रही सोडले. साडेचार कोटी डॉलरच्या त्या व्यवहारात ९६.३ ही जागा स्पॅनिश भाषेतील ‘युनिव्हिजन’ या कंपनीकडे गेली. युनिव्हिजनची १०५.९ ही जागा आणि ‘डब्ल्यूक्यूएक्सआर’ हे नाव सार्वजनिक रेडिओ संस्था ‘डब्ल्यूएनवायसी’ने घेतले. ही संस्था १९२४ मध्ये महापालिकेचे केंद्र म्हणून सुरू झाली आणि नव्वदच्या दशकात स्वतंत्र झाली. ८ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी अदलाबदल झाली आणि केंद्र अव्यापारी झाले. आता वस्तू खपवणारी जाहिरात नाही, फक्त प्रायोजकाचा उल्लेख. खर्च भागतो तो देणगीदार आणि सभासद यांच्या पैशांतून. त्यासाठी वर्षातून काही दिवस निवेदक हवेतूनच मदत मागतात.

या सुटकेची किंमत मोठी होती. जुन्या जागी ६,००० वॉटचे प्रक्षेपण होते, नव्या जागी ६१० वॉटचे. दूरच्या उपनगरांतल्या अनेक जुन्या श्रोत्यांच्या घरी संगीत पोचेनासे झाले. ध्वनीच्या दर्जासाठी जन्मलेल्या केंद्राच्या वाट्याला हे यावे, हे बोचणारे होते. शिवाय ‘डब्ल्यूएनवायसी’ने आपल्या एफएमवरचे अभिजात संगीत थांबवून ते सारे या एकाच केंद्राकडे सोपवले. तूट भरून काढायला इंटरनेट आले, आणि २०१३ मध्ये वेस्टचेस्टर परगण्यातील ऑसिनिंग येथील ९०.३ मेगाहर्ट्झचे छोटे केंद्र जोडून घेण्यात आले.

पुढच्याच वर्षी केंद्राने श्रोत्यांकडे पैशांऐवजी वाद्ये मागितली. माळ्यावर पडून राहिलेली व्हायोलिने, क्लॅरिनेट आणि ट्रंपेट गोळा झाली, दुरुस्त झाली आणि शहरातील शाळकरी मुलांच्या हाती गेली. त्यांतले एक व्हायोलिन नाझी छळातून वाचलेल्या एका वृद्धाने दिले होते. ते ब्राँक्समधील एका शाळकरी मुलीला मिळाले, आणि त्यावरच्या ‘जोज व्हायोलिन’ या लघुमाहितीपटाला ऑस्करचे नामांकन लाभले.