स्मार्टवॉच: मोजलेलं किती आणि अंदाज किती?

स्मार्टवॉच मनगटावरून काढून उलटं धरलं की मागच्या काचेखाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. घड्याळाच्या बहुतेक आरोग्यविषयक दाव्यांचं मूळ या दिव्यांत आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटाच्या त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. शेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो. सोबत हाताची हालचाल ओळखणारा ॲक्सिलरोमीटर असतो आणि काही घड्याळांत जीपीएस. म्हणजे साधं फिटनेसचं घड्याळ प्रत्यक्षात मोजतं ते प्रकाश, हालचाल आणि जागा. कॅलरी, झोपेचे टप्पे, ताण, व्हीओटू मॅक्स हे सगळं या दोन-तीन मोजमापांवरून गणिताने काढलेले अंदाज असतात. त्यातले काही चांगले, काही कामचलाऊ आणि काही धोकादायक. खोक्यावर मात्र सगळे एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असतात. गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज: सुई न टोचता साखर कळते, हाताला पट्टा न बांधता बीपी कळतं

हा गैरसमज सगळ्यात आधी घेतो, कारण यात जीव धोक्यात येऊ शकतो. ‘नो नीडल’ म्हणत रक्तातली साखर दाखवणारी स्वस्त घड्याळं ऑनलाइन सर्रास मिळतात. मुलं मधुमेही आईवडिलांना ती हौसेने भेट देतात. वस्तुस्थिती अशी की २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, जाहीर इशारा दिला: त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, अशा एकाही उपकरणाला आम्ही मंजुरी दिलेली नाही. अशा आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिनचा डोस वाढवला, तर साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडेल.

इथे एक गल्लत होते. दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर ही वेगळी वस्तू आहे. त्याची बारीक तार त्वचेखाली जाते, मोजमाप तिथे होतं आणि घड्याळ फक्त तो आकडा दाखवतं. शेजारच्या काकांच्या घड्याळात साखर दिसते म्हणून आपल्याही दिसेल असं नाही. काकांच्या दंडावर सेन्सर आहे का, हे आधी विचारावं.

रक्तदाबाचंही तसंच. मनगटावर खरोखर हवा भरून दाबणारा पट्टा असलेली घड्याळं आहेत. ओमरॉनचं हार्टगाइड त्यातलं एक. सॅमसंगच्या काही घड्याळांत रक्तदाबाची सोय आहे, पण दर २८ दिवसांनी दंडाला बांधायच्या मशीनवर बीपी मोजून घड्याळाला ते सांगावं लागतं. ॲपलने २०२५मध्ये आणलेली सोय तर आकडाच देत नाही. ३० दिवसांची माहिती पाहून ‘रक्तदाब वाढलेला असू शकतो’ एवढी सूचना देते आणि दंडाच्या मशीनवर तपासायला सांगते. एवढ्या मोठ्या कंपन्या इतक्या जपून बोलत असताना, कुठल्याही कॅलिब्रेशनशिवाय चटकन ‘१२०/८०’ दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळावर विश्वास ठेवायला काहीच आधार नाही. घरात बीपीचा रुग्ण असेल तर आधी दंडाचं मशीन घ्या, घड्याळ नंतर.

गैरसमज: ठोके दाखवतंय म्हणजे ते बरोबरच असणार

शांत बसलेल्या माणसाचे ठोके चांगली घड्याळं बऱ्यापैकी बरोबर सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटांवर सात उपकरणं तपासली. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सातपैकी सहांची ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत निघाली. अडचण हात जोरात हलायला लागल्यावर येते.

सकाळच्या ग्राउंडवर हे नेमकं दिसतं. रमतगमत धावताना खरे ठोके असतात १३५ आणि घड्याळ ठामपणे १७० दाखवतं. धावणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घडलेलं असं असतं: धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात, प्रत्येक पावलासरशी घड्याळ मनगटावर हलकंसं आपटतं, बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि प्रकाशाचा हा चढउतार रक्ताच्या चढउतारापेक्षा मोठा ठरतो. घड्याळ मग ठोक्यांऐवजी पावलं मोजत बसतं. धावपटू याला ‘केडन्स लॉक’ म्हणतात. पट्टा सैल असेल तर हे हमखास होतं. म्हणून व्यायामाच्या वेळी घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून पट्टा एक घर आवळावा आणि नंतर पुन्हा सैल करावा. हातात बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात घालावं, कारण बांगडी त्याला सतत ढकलते. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते. जिममध्ये डंबेल घट्ट पकडल्यावर किंवा जोर काढताना मनगट वाकल्यावरही आकडे भरकटतात.

ज्यांना वेगाचे टप्पे पाडून, ठोके पाहून सराव करायचा आहे, त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने अंगावर घालायचं बिनतारी हृदयगतीमापक १९८२मध्येच बाजारात आणलं होतं आणि धावताना त्या पद्धतीची अचूकता अजून मनगटाला आलेली नाही. तेव्हा घड्याळ निवडताना ते ब्लूटूथवरून छातीचा पट्टा जोडू देतं का, एवढं विचारून ठेवा. धावणाऱ्याला शंभर व्यायामप्रकारांच्या यादीपेक्षा ही एक सोय जास्त कामाची.

आणखी एक. ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचं सूत्र बरीच घड्याळं आपोआप वापरतात. ते सरासरीचं सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे ‘तुम्ही लाल झोनमध्ये आहात’ हे वाक्य ऐकून घाबरू नका. धावताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ते पाहा.

दुकानात एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर किंवा बाटलीवर बांधा. काही घड्याळं तिथेही ७२ ठोके दाखवतात. गोंगाटातूनही ठोका शोधून काढायचा असं त्यांचं गणित असतं, त्यामुळे यातली सगळीच फसवी नसतात. पण ‘मनगट सापडत नाही’ असं सांगून गप्प बसणारं घड्याळ मला जास्त प्रामाणिक वाटतं.

गैरसमज: ४०० कॅलरी जळल्या, आता एक वडापाव चालेल

स्टॅनफर्डच्या त्याच अभ्यासात सातपैकी सर्वांत अचूक उपकरणाची कॅलरीतली सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३. तेव्हापासून सुधारणा झाली असेल, पण मूळ अडचण तीच आहे. घड्याळाला तुमचे स्नायू किती, चयापचय कसा, हे माहीत नसतं. ते वय, वजन, उंची, ठोके आणि हालचाल यांवरून सूत्र चालवतं. त्यात कित्येकांनी ॲपमध्ये टाकलेलं वजन घड्याळ घेतलं त्या दिवसाचंच असतं. कालच्यापेक्षा आज जास्त हालचाल झाली का, हे समजायला हा आकडा ठीक आहे. जेवणाचा हिशोब त्यावर मांडू नये.

गैरसमज: दहा हजार पावलं झाली नाहीत तर दिवस फुकट

हा आकडा एका जपानी उपकरणाच्या जाहिरातीतून आला. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथे चालण्याची लाट आली आणि १९६५मध्ये यामासा कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. मानपो म्हणजे दहा हजार पावलं. आकडा गोल होता, लक्षात राहिला, आणि साठ वर्षांनी आपल्या मनगटावर येऊन बसला.

२०१९मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी आढळलं, आणि साधारण ७,५०० नंतर हा फायदा वाढायचा थांबला. तरुणांचं गणित वेगळं असू शकतं. पण गुडघे दुखत असताना रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा पुरा करणाऱ्या आजींना हे कोणीतरी सांगायला हवं. अडीच हजारांवरून साडेचार हजारांवर गेलात तरी मोठी मजल मारलीत.

शिवाय घड्याळ पावलं पाहत नाही, हात पाहतं. खड्ड्यांतून स्कूटर चालवली तरी पावलं वाढू शकतात, आणि सुपरमार्केटात ट्रॉली ढकलत अर्धा तास फिरलं तरी ती फारशी वाढत नाहीत.

गैरसमज: ईसीजी असलेलं घड्याळ हार्ट अटॅक ओळखतं

ओळखत नाही. दवाखान्यातला ईसीजी बारा बाजूंनी हृदय पाहतो, घड्याळ एकाच बाजूने. त्यात मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता, सापडू शकते, आणि हा फायदा खरा आहे. पक्षाघाताचा धोका वाढवणारा हा आजार अनेकांना जाणवतही नाही. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’त ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना आली. म्हणजे अशी सूचना क्वचितच येते. आली तर घाबरून न जाता डॉक्टरांना दाखवावी.

पण छातीत कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, दरदरून घाम, यातलं काही झालं आणि घड्याळ ‘सामान्य’ म्हणालं, तरी घड्याळाकडे पुन्हा बघू नका. १०८ला फोन करा. ‘सामान्य’ हा शब्द पाहून घरी थांबलेल्या माणसाचा मोलाचा वेळ वाया जातो. पेसमेकर बसवलेल्यांनी कुठलंही स्मार्टवॉच घेण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं. काही घड्याळं शरीरातली चरबी मोजण्यासाठी अंगातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतात. ती सोय पेसमेकरवाल्यांनी वापरायची नसते.

ऑक्सिजन आणि झोप

कोरोनाच्या काळात ऑक्सिजनच्या आकड्याची भीती घराघरांत बसली. बोटाला लावायच्या चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो. मनगटावर मात्र परतलेल्या प्रकाशावर भागवावं लागतं. त्यातून गडद त्वचेवर रुग्णालयातली उपकरणंही ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतात, हे २०२०मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून पुढे आलं. आजारपणात चिमटाच वापरावा.

झोपेचे टप्पे ठरतात ते मेंदूतल्या लहरींवरून. त्यासाठी प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावतात. घड्याळ किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात हे ठीक सांगतं, ‘गाढ झोप ४७ मिनिटं’ हा मात्र अंदाज. त्या आकड्याच्या काळजीने झोप उडालेले रुग्ण डॉक्टरांकडे येऊ लागले आणि २०१७मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं. सकाळी ताजंतवानं वाटत असेल तर घड्याळाने झोपेला दिलेले गुण बघू नका.

गैरसमज: ५० मीटर लिहिलंय म्हणजे पन्नास मीटर खोल चालेल

५ एटीएम किंवा ५० मीटर हा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. तलावात पोहायला तो पुरतो, डायव्हिंगला पुरत नाही. गिझरचं गरम पाणी, वाफ आणि साबण यांनी आतली रबरी सीलं हळूहळू खराब होतात. समुद्रात गेलात तर नंतर गोड्या पाण्याने धुवा.

रोजच्या वापराचं

इथे जास्त निराशा होते आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही. सॅमसंगची वॉच ४पासूनची घड्याळं आयफोनला चालत नाहीत, आणि त्यांच्यातली ईसीजी-बीपीची अधिकृत सोय सॅमसंगच्याच फोनवर मिळते. खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलेलं असतं तेव्हा ते घड्याळात आहे की फोनमधलं उसनं, हे विचारा. उसनं असेल तर फोन घेऊनच धावावं लागेल. बॅटरीचे ‘चौदा दिवस’ हे पडदा बहुतेक वेळ बंद आणि जीपीएस न वापरता मोजलेले असतात. सह्याद्रीत दिवसभराचा ट्रेक करणाऱ्याने जीपीएस चालू ठेवून किती तास चालतं ते पाहावं.

फक्त चालणं, वेळ आणि मेसेज पाहायचे असतील तर महाग घड्याळाची गरज नाही, साधा फिटनेस बँड पुरतो. घ्याल ते परत करण्याची मुदत आहे अशाच ठिकाणी घ्या आणि त्या मुदतीतच तपासा. बोटांनी नाडी धरून अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा, घड्याळाशी ताडून पाहा: आधी बसून, मग जिने चढून लगेच. जीपीएस असेल तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून पाच फेऱ्या मारा, दोन किलोमीटरच्या आसपास दिसायला हवेत. झोपेची नोंद हवी असेल तर एक रात्र घालून झोपा, टोचतंय का बघा. बसल्या जागीही नाडी जुळत नसेल, तर बाकीच्या सोयी कितीही असोत, ते घड्याळ परत करा.