सोलापूर १९३०: ‘देशातलं एकमेव स्वतंत्र शहर’ हा दावा कितपत खरा?

१२ जानेवारीचा हुतात्मा दिन आला किंवा मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला, की सोलापुरात एक वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही: १९४७ च्या आधी स्वातंत्र्य उपभोगलेलं सोलापूर हे देशातलं एकमेव शहर. पुढारी ते भाषणात घेतात, शाळकरी मुलं वक्तृत्व स्पर्धेसाठी ते पाठ करतात आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ते ठळक अक्षरांत असतं. महापालिकेच्या अधिकृत परिचयातही ९ ते ११ मे १९३० चं वर्णन याच सुरात केलेलं आहे, ‘देशात पहिलं’, ‘देशात एकमेव’ अशा शब्दांसकट.

मी सोलापूरकर आहे. त्या तीन दिवसांचा मला अभिमान आहे आणि म्हणूनच हे लिहितो आहे. ते तीन दिवस खरे आहेत, ‘एकमेव’ खोटं आहे. ते खोटं आहे हे दाखवायला कोणत्याही गुप्त दप्तरात शिरावं लागत नाही. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या हाती असलेली इतिहासाची पुस्तकं पुरतात. तरीही दरवर्षी तेच वाक्य येतं आणि शंका घेणाऱ्यालाच विचारलं जातं, की तुम्हाला हुतात्म्यांचा आदर नाही का?

आधी काय घडलं ते नीट पाहू. ४ मे १९३० च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, दांडीजवळच्या कराडी इथं गांधीजींना अटक झाली. बातमी सोलापुरात पोचली तेव्हा हे गिरण्यांचं गाव होतं. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम. भोंग्यावर चालणारं शहर. कामगारांनी ७ मेपासून संप पुकारला. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला जमाव गेला. ताडी-दारूच्या महसुलावर घाव घालण्याचा तो सत्याग्रहाचा ठरलेला मार्ग होता. पोलिसांनी काहींना धरलं, त्यांना सोडा म्हणून लोक अडून बसले, शब्दाला शब्द वाढला आणि गोळीबार झाला. तिरंगा हाती घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग शहर पेटलं. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, दोन पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जाळली गेली.

यानंतर पोलीस शहरातून हटवले गेले. ९, १० आणि ११ मे या तीन दिवसांत शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाची व्यवस्था पाहिली. चौकाचौकांत स्वयंसेवक उभे राहून वाहतूक सांभाळत होते, रात्री पेठांची राखण करत होते. आदल्या दिवशी जळणारं शहर दुसऱ्या दिवशी गणवेशाच्या धाकाशिवाय शांत राहिलं, ही साधी गोष्ट नाही. १२ मेच्या रात्री मार्शल लॉ लागू झाला. १५ मे रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्यासाठी खास सोलापूरच्या नावाचा अध्यादेश काढला आणि ३० जूनपर्यंत शहर लष्कराच्या टाचेखाली राहिलं.

याला ‘स्वातंत्र्य’ म्हणावं का? भावनेनं म्हणायला माझी हरकत नाही. त्या दिवसांत रस्त्यावर असलेल्या माणसाला तसंच वाटलं असणार. पण स्वतंत्र राज्य म्हणायचं तर स्वातंत्र्याची घोषणा, करवसुली, न्यायदान यांतलं काहीतरी दाखवावं लागेल आणि दावा करणाऱ्यांपैकी कोणी ते दाखवत नाही. बिपन चंद्र आणि सहकाऱ्यांच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या प्रसिद्ध पुस्तकात याला जवळपास समांतर सरकार म्हटलं आहे. हे वर्णन नेमकं आहे. (त्याच पुस्तकात मार्शल लॉ १६ मेनंतर लागल्याचं येतं, स्थानिक इतिहासात १२ मे. पहिली घोषणा आणि मागून आलेला अध्यादेश यांची गल्लत झाली, की असा फरक पडतो.)

आता ‘एकमेव’कडे येऊ. त्याच पुस्तकात, त्याच प्रकरणात पेशावर आहे. २३ एप्रिल १९३० ला किस्साखानी बाजारात गोळीबार झाला. चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. सरकारला माघार घ्यावी लागली आणि ४ मेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा दिवस, पेशावर शहर इंग्रजांच्या हाती नव्हतं. म्हणजे आपल्या ९ मेच्या आधी, आपल्या तिप्पट दिवस. सोलापूरचा परिच्छेद वाचणाऱ्यानं त्याच प्रकरणातला पेशावरचा परिच्छेद वाचू नये, हे मला कळत नाही.

पुढं १९४२. ऑगस्टमध्ये बलियाला चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी जिल्ह्याचा कारभार ताब्यात घेतला. काही दिवसच टिकला, पण कलेक्टरला तुरुंगाचे दरवाजे उघडावे लागले. बंगालमध्ये तामलूकचं ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय सरकार १७ डिसेंबर १९४२ ला स्थापन झालं आणि १९४४ पर्यंत चाललं. वादळग्रस्तांना मदत, शाळांना अनुदान, तंटे सोडवणं ही कामं त्यानं केली. आपल्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ गावोगाव न्यायदान मंडळं चालवत होतं. कर्नाटकात शिकारीपूर तालुक्यातल्या ईसूर गावानं १९४२ मध्ये स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं. तिथं अधिकारी मारले गेले आणि पुढं पाच जणांना फाशी झाली. आणि १८५७? ११ मेपासून सप्टेंबरपर्यंत दिल्ली कोणाच्या ताब्यात होती?

यावर मला एक ठरलेलं उत्तर मिळतं: “सातारा म्हणजे खेडी, आपलं शहर होतं.” मग पेशावर काय होतं? बलिया शहर नव्हतं? अट बदलत बदलत शेवटी दाव्यात बसेल असं एकच गाव उरवायचं आणि मग त्याला एकमेव म्हणायचं, हा इतिहास नव्हे. सोलापूरच्या पोरांना शाळेत हे पाठ करून पाठवायचं आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजात कोणीतरी पेशावरचं नाव घेतल्यावर त्यांनी गप्प बसायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्याहून मोठा अन्याय तामलूक-ईसूरच्या लोकांवर. आपला मोठेपणा सांगताना आपण त्यांचा लढा नकाशावरून पुसून टाकतो.

ही खोड केवळ आपली नाही, देशांनाही असते. अमेरिका स्वतःची जगावेगळी कहाणी सांगते तेव्हा १७८७ ची लिखित राज्यघटना पुढं करते. पण कोर्सिका बेटानं १७५५ मध्येच राज्यघटना लिहिली होती. इंग्रजांच्याच राज्यात आयर्लंडमधल्या लिमरिक शहरानं एप्रिल १९१९ मध्ये लष्करी निर्बंधांविरुद्ध संप पुकारला. कामगारांच्या समितीनं सुमारे दोन आठवडे शहर चालवलं, अन्नधान्याचे भाव ठरवले, स्वतःच्या नोटासुद्धा छापल्या. सोलापूरची गोष्ट लिमरिकशेजारी ठेवून वाचली तर ती लहान होत नाही. गिरणी कामगारांचं एक गाव जगातल्या एका मोठ्या परंपरेत जाऊन बसतं.

मार्शल लॉबद्दलही असाच एक दावा आहे, की तो फक्त सोलापूरवर लादला गेला. साफ चूक. पंजाबात १९१९ ला होता, मलबारात १९२१ ला, पेशावरला त्याच १९३० सालच्या ऑगस्टमध्ये आणि सिंधमध्ये १९४२ साली.

नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० ला तिरंगा फडकला म्हणून मार्शल लॉ आला, असंही छापलेलं आढळतं. मधे एक महिना आहे, ८ मेचा गोळीबार आहे, जळालेलं न्यायालय आहे. कारण तिथं शोधायला हवं. ‘तिरंगा लावणारी देशातली पहिली नगरपालिका’ हेही जपून बोलावं. जबलपूरच्या टाउन हॉलवर स्वराज्याचा ध्वज लावण्यावरूनच १९२३ चा झेंडा सत्याग्रह उभा राहिला आणि तो नागपूरला जाऊन पोचला.

आंदोलन पूर्णपणे अहिंसक होतं, हे विधान तर मृत पोलिसांकडे डोळेझाक केल्याशिवाय करता येत नाही.

‘एकमेव’ची ही सवय १९३० पुरती नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपलेच, १९१० साली सोलापुरात जन्मलेले. पण १९३८ मध्ये चीनला गेलेले ते ‘एकटे’ भारतीय डॉक्टर नव्हते. अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी हे चौघे त्यांच्याबरोबर होते. आणि सोलापुरी चादरीचं भौगोलिक मानांकन राज्यात अगदी सुरुवातीचं, पण देशात पहिला मान दार्जिलिंगच्या चहाचा.

मग सोलापूरचं वेगळेपण काहीच नाही का? आहे, आणि ते ‘एकमेव’च्या गजरात ऐकूच येत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

वेगळेपण आहे शिक्षेच्या निर्दयतेत. मार्शल लॉच्या काळात डोक्यावरची गांधी टोपी हा गुन्ह्यासारखा प्रकार झाला, सैनिक ती काढायला लावत. काँग्रेसचा झेंडा लावणं हा अपराध ठरला. नगरपालिकेचे अध्यक्ष माणिकचंद शहा झेंड्यापायी तुरुंगात गेले. नगराध्यक्ष, तोही व्यापारी घराण्यातला, इमारतीवरच्या कापडाच्या तुकड्यासाठी तुरुंगात जातो. या गोष्टीवर एखाद्या भाषणात पाच मिनिटं कधी खर्च होतात का?

आणि वेगळेपण आहे त्या चार नावांत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मंगळवार पेठेतल्या पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात त्यांना दोषी ठरवलं गेलं. या निकालावर सोलापूरनं कधी विश्वास ठेवला नाही. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी, वयानं जेमतेम विशी ओलांडलेले. या चौघांची निवड कोणी एकतेचा देखावा करायला केली नव्हती. तेव्हाचं सोलापूरच तसं होतं: कानडी, मराठी, तेलुगू, उर्दू, मारवाडी एकाच बोळात ऐकू यायचं आणि ते बोलणारी माणसं गिरणीच्या एकाच खात्यात काम करायची. सरकारनं ज्यांना निवडून धरलं, त्यांतही गाव जसं होतं तसंच उतरलं.

त्यांना फाशी सोलापुरात झाली असं पुष्कळांना वाटतं. ती झाली पुण्याच्या येरवडा तुरुंगात, १२ जानेवारी १९३१ रोजी. त्या दिवशी त्याच तुरुंगात गांधीजी बंदिवान होते. त्यांच्या अटकेनं पेटलेल्या शहरातली चार माणसं त्यांच्याच तुरुंगाच्या भिंतींआड फासावर गेली आणि दोनच आठवड्यांनी, २६ जानेवारीला, गांधीजींची सुटका झाली. मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार होऊन सत्याग्रही कैदी सुटू लागले. सोलापूरचे चौघे तोवर फासावर गेले होते.

आज चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या मध्यावर आहेत. सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस आणि हुतात्मा दिन जवळजवळ एकत्र येतात. यात्रेला येणारी हजारो माणसं त्या पुतळ्यांसमोरून जातात. त्यांच्यापुढं जे बोललं आणि लिहिलं जाईल ते खरं असलं पाहिजे.

म्हणून विनंती आहे. महापालिकेनं आपल्या परिचयातली ‘पहिलं’ आणि ‘एकमेव’ ही विशेषणं काढावीत आणि त्या जागी तारखा, नावं, मार्शल लॉचा कालावधी आणि येरवडा हे सारं द्यावं. शिक्षकांनी वक्तृत्व स्पर्धेच्या मुलांना पेशावर, तामलूक, सातारा आणि ईसूरची माहितीही द्यावी. आणि येत्या १२ जानेवारीला माइकसमोर उभं राहणाऱ्यानं चारही नावं पूर्ण उच्चारावीत. बऱ्याच भाषणांत ‘चार हुतात्मे’ एवढंच म्हटलं जातं आणि वक्ता ‘एकमेव’कडे वळतो.