हातातल्या खुणांचे देव

विष्णूच्या चोवीस मूर्तींपैकी केशव कोणता आणि माधव कोणता, हे चेहऱ्यावरून कळत नाही. शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम पाहावा लागतो. प्राचीन ग्रीसच्या देवांचीही ओळख बहुतेक वेळा हातातल्या वस्तूवरूनच पटते. ती वस्तू हरवली की काय होते, ते अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पाहावे. आर्टेमिसियनच्या भूशिराजवळ १९२६ ते १९२८ या काळात समुद्रातून वर काढलेला एक दाढीधारी कांस्यदेव तिथे आहे, दोन मीटरहून उंच. काहीतरी फेकण्याच्या पवित्र्यात तो उभा आहे, पण मूठ रिकामी. तिथे वज्र होते असे मानले तर तो झ्यूस, त्रिशूळ होता असे मानले तर समुद्राचा देव पोसायडन. अनेक अभ्यासकांचा कल झ्यूसकडे आहे. वाद मात्र मिटलेला नाही.

नाण्याचा ठसा कोरणाऱ्याला असा संभ्रम परवडणारा नव्हता. अडीच सेंटिमीटरच्या चांदीवर देव पाहताक्षणी ओळखू यायला हवा, कारण तो देव म्हणजे नगराची हमी. अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्यात सुमारे १७ ग्रॅम चांदी असे. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसऱ्या बाजूला तिचे घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. लोक या नाण्यांना ‘घुबडे’च म्हणत. पार्थेनॉन उभे राहत होते, शिल्पकला ऐन बहरात होती, तरी नाण्यावरची अथीना जुन्याच वळणाची राहिली: चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून दिसावा तसा. ही कारागिरांची उणीव नव्हे. ही नाणी इजिप्त आणि पश्चिम आशियापर्यंत चालत. ओळखीचा चेहरा बदलला असता तर दूरचा व्यापारी ती घेताना बिचकला असता.

सिसिलीतल्या सिराक्यूजने उलटी वाट धरली. तिथल्या किमॉन नावाच्या कलावंताने इ.स.पू. ४०० च्या आसपास झऱ्याची देवता अरेथुसा थेट समोरून कोरली, मोकळ्या केसांच्या लाटांत डॉल्फिन पोहते ठेवले आणि स्वतःचे नावही नाण्यावर घातले. माझ्या मते ग्रीक नाण्यांतला हा सर्वांत देखणा चेहरा आहे.

काही नाण्यांनी तर मोठ्या मूर्तींची आठवण जपली. ऑलिंपियात शिल्पकार फिडियसने घडवलेला सोने-हस्तिदंताचा झ्यूस सुमारे १२ मीटर उंच होता. तो केव्हाच नष्ट झाला. त्याचे रूप आज आपल्याला कळते ते मुख्यतः ग्रीक प्रवासी पॉसेनियसच्या वर्णनातून आणि रोमन बादशहा हेड्रियनच्या काळात एलिस नगराने पाडलेल्या नाण्यांवरून.

सिकंदराच्या नाण्यांवर सिंहाचे कातडे डोक्यावर ओढलेला हेराक्लीस आहे. मॅसिडोनियाचे राजघराणे स्वतःला त्याचेच वंशज म्हणवत असे. नाण्याच्या मागच्या बाजूला सिंहासनावर झ्यूस, हातावर गरुड. ॲम्फिपोलिसपासून बॅबिलोनपर्यंतच्या टांकसाळींनी हे चित्र सर्वदूर पोहोचवले, सिकंदराच्या मृत्यूनंतरही.

पुढे बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरात, ग्रीक टांकसाळीपुढे नवेच काम आले. ऐ खानूम इथे १९७० साली फ्रेंच उत्खननात अगॅथोक्लीस या ग्रीक राजाची सहा चौकोनी चांदीची नाणी सापडली. काळ इ.स.पू. १८० च्या आसपासचा. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी. एकीकडे नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, दुसरीकडे चक्र आणि शंख घेतलेला वासुदेव. बलराम-कृष्णाच्या, काळ सांगता येईल अशा, सर्वांत जुन्या चित्रांत यांची गणना होते. कोरणाऱ्याच्या घडणीत ग्रीक वळण असेल, पण आयुधे त्याने चुकवली नाहीत, आणि म्हणूनच आज आपण ते देव ओळखू शकतो.

कुषाण राजा कनिष्काच्या टांकसाळीत तर डोळ्यांदेखत देव बदलतात. त्याच्या आरंभीच्या नाण्यांवर ग्रीक भाषेत हेलिओस, सेलिनी, हिफेस्टस अशी नावे आहेत. नंतर लिपी ग्रीकच राहिली, भाषा मात्र बॅक्ट्रियन झाली. सूर्याची प्रभा तीच, नाव मिइरो. चंद्राची कोर तीच, नाव माओ. लोहार हिफेस्टसची सांडशी अग्निदेव आथ्शोच्या हाती आली. १९९३ साली रबाटक इथे मिळालेल्या कनिष्काच्या शिलालेखात राजाज्ञा आधी ग्रीकमध्ये काढून मग ‘आर्य’, म्हणजे बॅक्ट्रियन, भाषेत आणल्याचा उल्लेख आहे. नाण्यांवरचा बदल त्याच्याशी नेमका जुळतो.

यातले काही देव आपल्या किनाऱ्याजवळही पोहोचले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी चालत असल्याची नोंद आहे. मिनँडर म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातला मिलिंद; त्याच्या अनेक नाण्यांवर ढाल धरून वज्र फेकणारी अथीना आहे. आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती मिळाली. भूमध्य समुद्राकडून व्यापारातून आलेली ही मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.