हवेनं उलटवलेला मार्कोव्हनिकोव्ह

अकरावीत 'खराश परिणाम' पाठ केला असेल, तोही मार्कांपुरता. त्यामागची शिकागो विद्यापीठातली गोष्ट मात्र भारी आहे!

अल्कीनमधल्या दुहेरी बंधात एक मजबूत सिग्मा आणि त्याच्या वर-खाली पसरलेला एक पाय. सगळी गंमत या पाय बंधाची. तो तुलनेनं सहज तुटतो. मार्कोव्हनिकोव्हच्या नियमानुसार प्रोपीनला एचबीआर जोडला, की हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर बसतो आणि ब्रोमीन मधल्यावर. पण प्रयोगशाळांत कधी हे उत्पादन मिळे, कधी नेमकं उलटं.

मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी १९३३ मध्ये ॲलिल ब्रोमाइडवर प्रयोग करून चोर पकडला: हवेतल्या ऑक्सिजनमुळे अल्कीनमध्ये तयार होणारी पेरॉक्साइडं! त्यांच्यामुळे ब्रोमीनचा मुक्त मूलक सुटतो आणि तोच आधी टोकाच्या कार्बनवर चढतो, कारण मग मधल्या कार्बनवर उरणारा मूलक जास्त स्थिर असतो. हवा आणि पेरॉक्साइड दूर ठेवा, नियम पुन्हा जागेवर.

हा परिणाम फक्त एचबीआरचा. एचसीएल आणि एचआय दाद देत नाहीत. परीक्षेत हमखास इथेच फसवतात, घरात अकरावी-बारावीचं कुणी असेल तर सांगून ठेवा.