अनुक्रमणिका शेवटी लिहिणारी फाइल

जावा या संगणकभाषेत अनेक फाइली एकत्र बांधून त्यांची एकच झिप फाइल करण्याचे काम ‘झिप-आउटपुट-स्ट्रीम’ हा वर्ग करतो. आउटपुट स्ट्रीम म्हणजे प्रोग्रॅमकडून बाहेर, एकाच दिशेने जाणारी बाइटांची रांग. एकदा बाहेर पडलेला बाइट परत बोलावता येत नाही की दुरुस्त करता येत नाही. झिप फाइलमध्ये मात्र आतल्या प्रत्येक फाइलचे नाव, मूळ आकार, कॉम्प्रेस झाल्यानंतरचा आकार आणि तिची जागा यांची नोंद लागते. फाइल कॉम्प्रेस होऊन किती लहान होईल, हे ती प्रत्यक्ष कॉम्प्रेस केल्याशिवाय कळत नाही. मागे न वळता ही नोंद पुरी कशी करायची, हा या विषयाचा गाभा आहे.

झिप फाइलशी संबंध फक्त प्रोग्रॅमरचा येतो असे नाही. खान्देशातल्या एरंडोल तालुक्यातला शेतकरी मोबाइलवर ‘ई-पीक पाहणी’ उघडतो, तेव्हा त्या अ‍ॅपची फाइल मुळात झिपच असते. अँड्रॉइड अ‍ॅपचा एपीके हा साचा जावाच्या जार फाइलवरून घेतलेला आहे आणि जार हा झिपचाच एक प्रकार आहे. ही पीकनोंदणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. दुसरे उदाहरण आधारचे. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी खान्देशातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्याच आधारच्या संकेतस्थळावरून मिळणारी ‘ऑफलाइन ई-केवायसी’ ही चार अक्षरांच्या शेअर कोडने बंद केलेली झिप फाइल असते आणि तिच्या आत डिजिटल स्वाक्षरी केलेली एक्सएमएल फाइल असते. वर्ड आणि एक्सेलच्या आजच्या फाइली आणि ईपब पुस्तके हीसुद्धा आतून झिपच आहेत.

झिपचा साचा अमेरिकेतल्या फिल कॅट्झ यांनी 1989 मध्ये त्यांच्या पीकेवेअर या कंपनीतर्फे आणला आणि त्याचे तपशील सर्वांसाठी खुले ठेवले. झिपमधल्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरे आजही येतात. ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. सन मायक्रोसिस्टिम्सने 1997 साली काढलेल्या जावा 1.1 मध्ये झिप वाचण्या-लिहिण्याचे वर्ग भाषेतच समाविष्ट झाले. त्यामुळे साधी झिप लिहिण्यासाठी जावात बाहेरची लायब्ररी घ्यावी लागत नाही.

एक नोंद, मग दुसरी

समजा, एरंडोल तालुक्यातल्या गावांच्या पीकयाद्या आहेत. एरंडोल, कासोदा, उत्राण, रिंगणगाव अशी प्रत्येक गावाची वेगळी सीएसव्ही फाइल आहे आणि या सगळ्यांची मिळून एक झिप हवी आहे. प्रोग्रॅम आधी डिस्कवरच्या रिकाम्या फाइलकडे जाणारा एक साधा आउटपुट स्ट्रीम उघडतो. बाइट थोडे थोडे न लिहिता एकगठ्ठा लिहिले जावेत म्हणून त्यावर बफर चढवतो आणि बफरवर झिप-आउटपुट-स्ट्रीम बसवतो. प्रोग्रॅम सगळ्यांत वरच्या थरात लिहितो. तिथे मजकूर कॉम्प्रेस होतो, बफरमध्ये जमतो आणि शेवटी डिस्कवर उतरतो.

त्यानंतर प्रत्येक गावासाठी तीन पायऱ्या होतात. पहिल्या पायरीत ‘पुट-नेक्स्ट-एंट्री’ या मेथडला फाइलचे नाव देऊन नवी एंट्री सुरू केली जाते. दुसऱ्या पायरीत मूळ फाइल काही हजार बाइटांच्या तुकड्यांनी वाचून ‘राइट’ने पुढे ढकलली जाते. तिसऱ्या पायरीत ‘क्लोज-एंट्री’ने ती एंट्री बंद होते. तुकड्यातुकड्यांनी काम होत असल्यामुळे फाइल दोन जीबीची असली तरी ती सगळी मेमरीत आणावी लागत नाही. मेमरीत राहते ती फक्त आतापर्यंत लिहिलेल्या एंट्र्यांची यादी. ही यादी शेवटी उपयोगी पडते.

नावांच्या बाबतीत दोन नियम आहेत. फोल्डर दाखवण्यासाठी विंडोजवरसुद्धा पुढे झुकलेली तिरपी रेघच वापरायची आणि रिकाम्या फोल्डरच्या नावाचा शेवट त्याच रेघेने करायचा. दुसरे म्हणजे, एकच नाव दोनदा दिले तर जावा ‘झिप-एक्सेप्शन’ देऊन थांबते. दोन वेगळ्या फोल्डरांतल्या ‘यादी’ नावाच्या फाइली पूर्ण मार्ग न देता टाकल्या की ही चूक हमखास होते.

आकार नंतर, अनुक्रमणिका सर्वांत शेवटी

प्रत्येक एंट्रीच्या आधी 30 बाइटांचे एक स्थानिक शीर्षक लिहिले जाते आणि त्याला जोडून फाइलचे नाव येते. आकार लिहिण्याची जागा या शीर्षकातच आहे, पण शीर्षक लिहिताना आकार माहीत नसतो. डिस्कवरच्या फाइलमध्ये मागे जाऊन ती जागा भरता आली असती. स्ट्रीमला ती सोय नाही. म्हणून झिपमध्ये दुसरी वाट ठेवली आहे. शीर्षकातला एक बिट चालू केला की त्याचा अर्थ होतो, ‘आकार मजकुरानंतर येईल’. मग आकाराच्या जागी शून्ये लिहिली जातात, मजकूर कॉम्प्रेस होऊन पुढे जातो आणि तो संपल्यावर 16 बाइटांची एक छोटी नोंद येते. मूळ आकार, कॉम्प्रेस झालेला आकार आणि सीआरसी-32 ही पडताळणीची संख्या तिच्यात असते. जावा कॉम्प्रेस केलेल्या एंट्र्या सहसा याच पद्धतीने लिहिते.

सगळ्या एंट्र्या संपल्यावर फाइलच्या शेवटी मध्यवर्ती निर्देशिका लिहिली जाते. पोथी लिहिणारा लेखनिक शाईने एकेक पान पुरे करत जातो आणि कोणता अध्याय कोणत्या पानावर आला हे कळल्यावरच शेवटच्या पानावर अनुक्रमणिका मांडतो, तसा हा क्रम आहे. निर्देशिकेत प्रत्येक फाइलचे नाव, दोन्ही आकार, सीआरसी आणि ती सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे हे पुन्हा नोंदलेले असते. तिच्याही नंतर किमान 22 बाइटांची समाप्तीची नोंद असते. निर्देशिका कुठे सुरू होते हे ती सांगते. झिप उघडणारा प्रोग्रॅम म्हणूनच आधी फाइलचे शेपूट वाचतो, तिथून निर्देशिकेवर जातो आणि तिथून हव्या त्या फाइलवर थेट पोचतो. शंभर गावांच्या झिपमधून एकट्या कासोद्याची यादी काढायला आधीची सगळी गावे उलगडावी लागत नाहीत.

स्ट्रीम बंद करण्याचे महत्त्व यावरून कळते. निर्देशिका ‘क्लोज’ किंवा ‘फिनिश’ या मेथडने लिहिली जाते. हे बोलावणे राहून गेले, किंवा मधेच अपवाद येऊन ती ओळ गाळली गेली, तर सगळा मजकूर डिस्कवर असूनही फाइल ‘खराब’ म्हणून उघडत नाही. नवशिक्यांच्या बिघडलेल्या झिपमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. 2011 मध्ये आलेल्या जावा 7 पासून ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ही रचना मिळाली. तिच्या कंसात उघडलेला स्ट्रीम चूक झाली तरी आपोआप बंद होतो. ‘फिनिश’ निर्देशिका लिहिते, पण खालचा स्ट्रीम उघडा ठेवते. त्याच स्ट्रीमवर झिपनंतर आणखी काही पाठवायचे असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

किती लहान होते?

कॉम्प्रेस करण्यासाठी झिपमध्ये मुख्यतः डिफ्लेट ही पद्धत वापरतात. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांनी 1977 मध्ये मांडलेली पुनरावृत्ती शोधण्याची रीत आणि डेव्हिड हफमन यांची 1952 ची संकेतरचना यांचा तो मेळ आहे. खान्देशातल्या पीकयादीत ‘कापूस’ हा शब्द ओळीमागून ओळ येत राहतो. युनिकोडच्या यूटीएफ-8 मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘कापूस’ला 15 बाइट लागतात. डिफ्लेट मागचे 32 केबी लक्षात ठेवते. तोच शब्द पुन्हा आला की तो न लिहिता ‘इतके बाइट मागे जा, इतके उचल’ एवढीच खूण करते. हफमनच्या रीतीने वारंवार येणाऱ्या खुणांना लहान संकेत मिळतात. त्यामुळे याद्या, हिशेब आणि एक्सएमएल यांसारखा मजकूर मोठ्या प्रमाणात आकसतो.

पिकाचे जेपेग फोटो आणि बहुतेक पीडीएफ मात्र जवळजवळ तेवढेच राहतात, कारण ते आधीच कॉम्प्रेस झालेले असतात. कॉम्प्रेस करण्याची पातळी 0 ते 9 अशी ठरवता येते. फोटोंसाठी वरची पातळी लावून वेळ घालवण्यात अर्थ नसतो. कॉम्प्रेस न करता फाइल जशीच्या तशी ठेवण्याचा ‘स्टोअर्ड’ हा पर्यायही आहे. मात्र त्यासाठी आकार आणि सीआरसी आधीच द्यावे लागतात, नाहीतर जावा एंट्री सुरूच करू देत नाही. ईपब पुस्तक बनवताना या पर्यायाची गरज पडते. ईपबमधली पहिली फाइल ‘माइमटाइप’ हीच असावी आणि ती कॉम्प्रेस केलेली नसावी असा नियम आहे. तिच्यातला मजकूर अवघा 20 बाइटांचा असतो, त्यामुळे त्याचा आकार आणि सीआरसी आधी काढणे सोपे जाते.

मराठी नावांच्या फाइली

फाइलच्या आत मराठी असण्याची झिपला अडचण नाही. अडचण येते ती फाइलचे नाव मराठीत असले की. जावा 7 च्या आधी नावे यूटीएफ-8 सारख्याच मांडणीत लिहिली जात, पण तसे सांगणारी खूण शीर्षकात नसे. दुसरा प्रोग्रॅम ती नावे आपल्या नेहमीच्या मांडणीने वाचे आणि ‘एरंडोल’च्या 18 बाइटांची 18 अगम्य चिन्हे पडद्यावर उमटत. जावा 7 पासून यूटीएफ-8 हीच नेहमीची मांडणी झाली आणि तिची खूणही लिहिली जाऊ लागली. मांडणी स्वतः निवडण्याची सोयही तेव्हाच आली. आजची जावा आणि आजचा अनझिप प्रोग्रॅम असेल तर देवनागरी नावे बिनचूक उघडतात. जुन्या संगणकांवर फाइल जाणार असेल तर नावे रोमन लिपीत ठेवण्याची खबरदारी अजूनही घेतली जाते.

जार

जावाचे प्रोग्रॅम ज्यात बांधून दिले जातात त्या जार फाइलींसाठी ‘जार-आउटपुट-स्ट्रीम’ हा वेगळा वर्ग आहे. तो झिप-आउटपुट-स्ट्रीमवरच उभा आहे. त्याच्याकडे मॅनिफेस्ट सोपवले की तो ते ‘मेटा-आयएनएफ’ या फोल्डरात सर्वांत आधी लिहितो. मॅनिफेस्ट म्हणजे जारची माहितीपत्रिका. प्रोग्रॅम कोणत्या वर्गापासून सुरू करायचा हे तिच्यात नोंदवता येते. ती आधी लिहिण्यालाही कारण आहे. जार स्ट्रीममधून वाचणाऱ्याला फाइलच्या शेपटाकडे उडी मारता येत नाही. त्याला पत्रिका सुरुवातीलाच मिळावी लागते.

डिस्कवर न ठेवता पाठवणे

झिप-आउटपुट-स्ट्रीमच्या खाली डिस्कवरची फाइलच असली पाहिजे असे नाही. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममध्ये त्याखाली थेट ब्राउझरकडे जाणारा स्ट्रीम ठेवता येतो. एखाद्या वापरकर्त्याने तालुक्यातल्या सगळ्या याद्या मागितल्या तर सर्व्हर तात्पुरती फाइल न बनवता झिप तयार करत करतच पाठवतो. या सोयीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एकूण आकार आधी सांगता येत नाही, म्हणून ब्राउझर किती टक्के उतरले ते दाखवू शकत नाही. शिवाय निम्म्या वाटेत चूक झाली तरी ‘सर्व ठीक’ हा संदेश आधीच गेलेला असतो आणि वापरकर्त्याच्या हाती निर्देशिका नसलेली अर्धवट झिप पडते.

लिनक्सवर रूढ असलेल्या टार साच्यात हे इतके सहज जमत नाही. टारमध्ये प्रत्येक फाइलच्या आधीच्या 512 बाइटांच्या शीर्षकात आकार लिहावाच लागतो आणि तो नंतर सांगण्याची सोय नाही. टार लिहिणारा वर्ग जावात अंगभूत नाही. त्यासाठी ‘अपाची कॉमन्स कॉम्प्रेस’ ही लायब्ररी वापरतात.

मर्यादा आणि खबरदारी

मूळ झिपमध्ये 65,535 एंट्र्या आणि 4 जीबी ही कमाल मर्यादा होती. झिप-64 या विस्ताराने ती ओलांडता येते आणि जावा 7 पासून गरज पडेल तेव्हा तो आपोआप वापरला जातो. पासवर्डने बंद केलेली झिप जावाच्या अंगभूत वर्गांना लिहिता येत नाही. आधारच्या ऑफलाइन फाइलीसारखे काही बनवायचे असेल तर ‘झिप-फोर-जे’सारखी लायब्ररी लागते. आधीच असलेल्या झिपमध्ये एक फाइल वाढवणेही या स्ट्रीमने होत नाही. जुन्या एंट्र्या नव्या झिपमध्ये उतरवून घ्याव्या लागतात, किंवा जावा 7 मधल्या झिप फाइल-सिस्टिमचा आधार घ्यावा लागतो.

एंट्रीचे नाव ही प्रोग्रॅमने दिलेली साधी अक्षरमाला असते आणि झिप-आउटपुट-स्ट्रीम ती तपासत नाही. नावात ‘दोन टिंबे आणि तिरपी रेघ’ घालून वरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी एंट्री कोणालाही लिहिता येते. बेसावध प्रोग्रॅमने अशी झिप उलगडली तर फाइल ठरलेल्या फोल्डरबाहेर जाऊन दुसऱ्याच फाइलवर लिहिली जाते. 2018 मध्ये हा दोष ‘झिप स्लिप’ या नावाने जगभर चर्चेत आला आणि अनेक लायब्रऱ्या त्यानंतर दुरुस्त झाल्या. यासाठी लिहिणाऱ्याने एंट्रीची नावे नेहमी सापेक्ष आणि स्वच्छ ठेवावीत. उलगडणाऱ्याने प्रत्येक नावाचा अंतिम मार्ग ठरलेल्या फोल्डरातच पडतो ना, हे फाइल लिहिण्याआधी तपासावे.